परवानगी हाय काय?

माझ्या नातवाच्या बारशात मंगेशने फोटोग्राफरला अडवलं. "बाळाले विचारलं काय?" म्हणाला. बाळ झोपेत होतं. फोटोग्राफर माझ्याकडे बघू लागला, मी बायकोकडे, आणि बायको सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. बऱ्याच वाटाघाटींनंतर फोटो निघाला, पण पायांकडून. अल्बममध्ये आजही आमच्या नातवाचे नुसते तळवे आहेत.

हा मंगेश माझा शेजारी. आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढे, जीपने जायचं. गाव संपलं की जंगल. इथल्या शाळेत मी त्याला शिकवलं. सॉफ्टवेअर इंजिनिअर होऊन तो पुण्याला गेला तेव्हा गावभर पेढे मीच वाटले. परत आला तो हे खूळ घेऊन. दुकानदाराने मोबाइल नंबर मागितला की "काऊन पाह्यजे?" म्हणून वाद घालतो, मागे रांग ताटकळते. नवीन अॅप घेतलं की त्याच्या अटी शेवटपर्यंत वाचतो, आणि मलाही वाचून दाखवतो. माणसाने ऐकावं तरी किती?

नोकरी का सोडली, हे एकदाच बोलला. "सर, घरोघरी सामान पोचवनाऱ्या पोराईवर नजर ठेवाचं अॅप होतं. पोरगा लघवीले थांबला तरी सायबाले समजे. ते मीच लिवलं होतं. त्याईले कोनी विचारलं नोतं."

वाघाचं येणं वाढलं तेव्हा पंचायतीने जंगलाच्या वाटेवर कॅमेरा बसवला आणि त्याच्या प्रोग्रामचं काम मंगेशकडे दिलं. तिथेच चुकलं. वाघ दिसला की पंचायतीचा भोंगा वाजतो. माणूस दिसला तर चित्र त्याच क्षणी पुसलं जातं. ते कोणालाच दिसत नाही, मंगेशलाही नाही. त्या कॅमेऱ्यासमोरच्या शेतातून माझी पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा मला हे कळलं. चोर अंगावर पट्टे रंगवून आला असता तरच सापडला असता! मी तणतणत त्याच्या घरी गेलो.

"सर, सकाळी बाया त्याच वाटेनं परसाकडे जातेत," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या मोटरीसाठी त्याईचे फोटो जमा करू काय?"

मी तसाच परत फिरलो. नवी मोटर घेतली.

शिवाय रोज सकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा. "मी मंगेश. बाजूले बसू काय? परवानगी हाय काय?" घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायचा, त्याची मीटिंग असणार. तिथेही हेच! माझ्या चहाची चव जायची.

मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी त्याची माय घरातून निघून गेली. तिला अलीकडे काही आठवत नसे, हे आम्हाला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळीच भोंगा वाजला होता. म्हातारी नदीकडे गेली की जंगलाकडे?

"कॅमेरा पाह्य ना!" सगळे ओरडले.

मंगेश पांढराफटक पडला. ती त्या वाटेने गेली असेल तर कॅमेऱ्याने तिला पाहिलं होतं, आणि पुसून टाकलं होतं.

"गाढवा, तुझी माय हाय ना ते!" मी किंचाळलो.

"हो, सर," एवढंच म्हणाला आणि जंगलाकडे पळत सुटला. बाकीचे नदीकडे गेले. मी धापा टाकत त्याच्या मागे.

ती मोहाखाली सापडली. पदराच्या ओटीत फुलं वेचत होती, अगदी मजेत. मी तिचा हात धरायला धावलो तर त्याने मला मागे ओढलं.

"सर, नका. ओळख नसली का भेते ते."

मग डोळे पुसून तो पुढे गेला आणि थोडं अंतर ठेवून उकिडवा बसला.

"बाई, मी मंगेश. बाजूले बसू काय? परवानगी हाय काय?"

तेच शब्द, तोच आवाज. भिंतीपलीकडे कसली मीटिंग नव्हती. स्वतःच्या आईजवळ बसायला हा पोरगा रोज सकाळी तिची परवानगी मागत होता, आणि मी चहा पिता पिता त्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

मायने त्याला नीट निरखलं. "कोनाचा तू, बापू?"

"इथलाच हाय."

"बस मंग. पन फुलाईले हात नोको लावू."

तो बसला. हात मांडीवर ठेवून, शाळेत बसायचा तसा. थोड्या वेळाने तिनेच मूठभर फुलं उचलून त्याच्यापुढे धरली.

"घेऊ काय?" त्या गाढवाने विचारलं, आणि मला रडू आलं.