नववी ‘ब’चा फोटो

सकाळी सव्वासहाला मास्तर आंघोळ करून, केस विंचरून, मोजे घालून फोनसमोर बसले होते. बूट मात्र घातले नव्हते. शाळा कुठली ते कळायच्या आत बूट घातले की त्या दिवशी फोन येत नाही, असा त्यांचा अनुभव होता आणि अनुभवापुढे ते कधी जात नसत.

मास्तर बदली शिक्षक होते. शहरातल्या कुठल्याही शाळेत कुणी शिक्षक आजारी पडला, कुणाच्या घरी लग्न निघालं, की शिक्षण कार्यालयातला कारकून यांना फोन करी आणि मास्तर त्या दिवसापुरते तिथे जात. एकोणीस वर्षांत एकतीस शाळा झाल्या. गणित झालं, भूगोल झाला, एकदा तर आठवडाभर शिवणकामही शिकवून झालं. पण एखादा धडा त्यांनीच सुरू केला आणि त्यांनीच संपवला, असं एकदाही झालं नव्हतं. चूल मांडायची एकाने आणि ताटं वाढायची दुसऱ्याने, असला संसार.

फोन वाजला.

“टेकडीवरची शाळा,” कारकून म्हणाला. “नववी ब. वर्गशिक्षिकेला ताप आहे. आणि हां, आज तिथे वर्गांचे फोटो आहेत. तेवढं पोरांना नीट बसवा.”

मास्तरांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? जाताय ना?”

“जातोय. नक्की फोटोच ना?”

“फोटोच. का हो?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी बूट ओढले.

आता हे ‘काही नाही’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. फोटोच्या दिवशी कुठलाही वर्गशिक्षक रजा घेत नाही. एक बाई पायाला प्लास्टर असताना दोघींच्या खांद्यावर हात टाकून आल्याचं मास्तरांनी पाहिलं होतं. एका सरांची त्याच सकाळी दाढ काढली होती. ते तोंड मिटून बसले आणि फोटो नेहमीपेक्षा चांगला आला. त्यामुळे एकोणीस वर्षांत मास्तरांच्या वाट्याला ताप आले, लग्नं आली, परीक्षा आल्या, फोटो काही आला नाही.

आणि बायकोच्या थोरल्या भावाकडे सत्तावीस होते. हे दादा एकाच शाळेत सत्तावीस वर्षं वर्गशिक्षक होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीतली एक भिंत फोटोंना दिली होती. प्रत्येक फोटोत मधल्या खुर्चीत दादा, भोवती मुलं. मुलं दर वर्षी तेवढीच, दादांचे केस मात्र कमी कमी होत गेलेले. मास्तर जेवायला गेले की दादा त्यांना नेमके त्या भिंतीसमोर बसवत. मास्तरांना हुद्द्याचं काही वाटत नसे. पण आपल्याही घरात असा एक, फक्त एक फोटो असावा, आपण मधे असावं आणि भोवतीच्या पोरांना हे आपले सर आहेत असं वाटत असावं, याची त्यांना फार ओढ होती. कधीकधी ते घरातल्या रिकाम्या भिंतीकडे बघून खिळा कुठे ठोकायचा ते मनाशी ठरवत.

त्यांनी लग्नातला कोट काढला. बायकोने मागून, पुढून बघितलं.

“उभे आहात तोवर बटण लावा,” ती म्हणाली. “बसताना सोडा. बसल्यावर ते राहायचं नाही.”

“फोटोत बसायचंच असतं.”

“मग श्वास कमी घ्या.”

शाळेत पोचल्यावर मास्तरांनी आधी सूचनाफलक वाचला. पाचवीपासून क्रमाने, दर दहा मिनिटांनी एक वर्ग. नववी अ, अकरा वीस. नववी ब, अकरा तीस. वर्गात गेले तर अडतीस मुलं एका कंगव्याची वाट बघत बसली होती. मास्तरांनी भूगोल उघडला आणि मिटला. आज कुणाचंच वाऱ्यांच्या धड्यात लक्ष लागणार नव्हतं, शिक्षकाचं तर मुळीच नाही.

मॉनिटर पहिल्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी होती. तिने विचारलं, “सर, खुर्चीत तुम्ही बसणार?”

“बसावं लागेल,” मास्तर शक्य तितक्या नाइलाजाने म्हणाले.

“मग कोटाची कॉलर नीट करा. मागून उलटी आहे.”

मास्तरांनी कॉलर नीट केली. एकोणीस वर्षांत एखाद्या वर्गाने त्यांची कॉलर बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी शिपाई सूचनावही घेऊन आला. त्यात लिहिलं होतं: ‘नववी ब च्या वर्गशिक्षिका टॅक्सीने निघाल्या आहेत. त्या आल्याखेरीज नववी ब चा फोटो काढू नये.’

“सही करा, वेळ टाका,” शिपाई म्हणाला.

मास्तरांनी सही केली, वेळ टाकली. हातातोंडाशी आलेला घास टॅक्सीतून निघाला होता. शिपाई वळला, आणि साऱ्या शहरात सरळ माणूस म्हणून ठाऊक असलेल्या मास्तरांनी आयुष्यातली पहिली लबाडी करायचं ठरवलं.

“चला,” ते म्हणाले. “आवाज न करता खाली.”

“सर, आपली वेळ साडेअकराची आहे.”

“माणसाने वेळेच्या आधी असावं.”

मैदानावर आठवी क उठत होती. फोटोवाला घाईत होता. त्याच्या हातात यादी होती, आणि यादीत पुढचा वर्ग नववी अ होता. त्याने समोर आलेल्या पोरांकडे बघून ‘नववी अ’ लिहिलेली पाटी पहिल्या रांगेत दिली. मास्तर खुर्चीत बसले. खुर्चीला हात होते. त्यांनी दोन्ही हात त्या हातांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. दादा हात कुठे ठेवत ते सत्तावीस वेळा बघूनही ऐन वेळी आठवेना.

“सर,” मॉनिटर पाटीवरून कुजबुजली, “आपण ब आहोत.”

“माहीत आहे. अक्षरावर अंगठा ठेव.”

तिने ठेवला. खरं तर इथेच ती त्यांच्या कटात सामील झाली, आणि तिच्यामागोमाग सदतीस जण. मागच्या रांगेतून ‘गप रे, सरांचा फोटो आहे’ असं कुणीतरी कुणालातरी दटावलं, ते मास्तरांनी ऐकलं. त्यांना वाटलं, आता फोटो नाही आला तरी चालेल. मग लगेच वाटलं, नाही, आलाच पाहिजे.

“हसा,” फोटोवाला म्हणाला.

नेमका फाटकाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला. चोराच्या मनात चांदणं. अडतीस मुलं समोर बघून हसली आणि मास्तरांनी मान वळवून फाटकाकडे बघितलं.

“मास्तर हलले. पुन्हा,” फोटोवाला म्हणाला. पण पुन्हा काही घडलं नाही, कारण तेवढ्यात खरी नववी अ आपल्या कसरतीच्या सरांसकट मैदानात उतरली.

“नववी अ झाली,” फोटोवाल्याने यादीवरची खूण दाखवली.

“झाली? मी इथे उभा आहे.”

“यादीत झाली म्हणजे झाली. तुम्ही ब मध्ये बसा.”

“मी ब मध्ये का बसू? माझी तुकडी अ आहे.”

“नुसती पाटी बदलायची आहे हो, तुमचा चेहरा तोच राहणार.”

कसरतीचे सर हे ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी फोटोवाल्याच्या हातातली यादी धरली, फोटोवाल्याने सोडली नाही, आणि यादीचे दोन तुकडे झाले. दहावी अ वेळेआधीच आली होती, तिला कुठे उभं राहायचं ते कुणी सांगेना. आठवी क ला वाटलं आपला पुन्हा घेतायत, ती परत आली. त्यातच वर्गशिक्षिका बाई शाल पांघरून, नाकाला रुमाल लावून, लाल डोळ्यांनी चालत आल्या आणि आपल्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“हे कोण?” त्यांनी विचारलं.

मास्तर उठले. बटण सोडायचं राहूनच गेलं होतं, ते आता तुटून गवतात गेलं.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापिका आल्या. चार वर्ग मैदानात बघून त्यांनी आधी सगळ्यांना गप्प केलं, मग सूचनावही मागवली. अकरा पाच. खाली मास्तरांची सही, अगदी सुवाच्य.

“वाचून सही केलीत ना?”

“हो.”

“मग असं का केलंत?”

मास्तरांना चार सबबी सुचल्या. घड्याळ मागे होतं, फोटोवाला म्हणाला, मुलं ऐकेनात, गैरसमज झाला. पण समोर अडतीस जण उभे होते आणि त्यांच्यादेखत दुसरी लबाडी होईना.

“मला एक फोटो हवा होता,” ते म्हणाले. “वर्गाबरोबर. माझ्याकडे एकही नाही.”

कसरतीच्या सरांनी हातातला यादीचा तुकडा फोटोवाल्याला परत केला. मुख्याध्यापिकांना बहुधा वाईट वाटलं असावं, पण दहावीचे दोन वर्ग अजून व्हायचे होते.

“तो फोटो काढून टाका,” त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. “नववी ब परत घ्या, बाईंबरोबर. आणि तुम्ही, तिकडे नळापाशी उभे राहा. मधे येऊ नका.”

मास्तर नळापाशी जाऊन उभे राहिले. बाई खुर्चीत बसल्या. पाटी बदलली. “इकडे बघा,” फोटोवाला म्हणाला. “इकडे. अरे, इकडे.” मास्तरांनी मात्र मान खाली घातली होती. बटणाशिवाय उघडा पडलेला कोट त्यांनी एका हाताने धरून ठेवला होता. कॅमेरा वाजल्याचा आवाज तेवढा त्यांनी ऐकला.

पंधरा दिवसांनी, तेहतिसाव्या शाळेतून मास्तर घरी आले, तर शिक्षण कार्यालयामार्फत आलेलं जाड पाकीट टेबलावर होतं. दादा बहिणीकडे आले होते आणि पाकीट कधी फुटतं याची वाट बघत बसले होते.

आत एक फोटो आणि एक पत्र होतं. पत्र दादांनीच वाचलं, अशी पत्रं वाचायचा त्यांचा आवाज निराळा होता. “‘सोबतचे छायाचित्र पाहावे. त्यात नववी ब चे अडतीसही विद्यार्थी कॅमेऱ्याकडे न पाहता, छायाचित्राबाहेर नळाजवळ उभ्या असलेल्या आपल्याकडे पाहत आहेत असे दिसते. त्यामुळे वर्गाचे छायाचित्र वाया गेले आहे. हे खरे असल्यास आपले नाव या शाळेच्या बदली यादीतून कमी करण्यात येईल. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’”

मास्तरांनी फोटो हातात घेतला. मधे बाई होत्या, नाकाला रुमाल, नजर समोर. आणि त्यांच्याभोवतीची पोरं सगळीच्या सगळी डावीकडे बघत होती. मॉनिटर पाटी समोर धरून मान वळवून बघत होती. मागच्या रांगेतला एकजण तर टाचा उंच करून बघत होता. मास्तरांनी मोजलं. बरोबर अडतीस. त्यांनी पुन्हा मोजलं, कारण मोजायला बरं वाटत होतं.

“यात तुम्ही कुठे?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी फोटो टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडेपासून चार बोटं बाहेर, टेबलावरच, बोट टेकवलं. तिथे साखरेचा डबा होता. बायकोने तो उचलून दुसरीकडे ठेवला.

“फोटो राहू दे बाजूला,” दादा म्हणाले. “घ्या पेन, मी सांगतो तसं लिहा. माझ्या नोकरीत असले अकरा खुलासे दिलेत, एकाचंही काही झालं नाही. लिहा, विद्यार्थी माझ्याकडे पाहत नव्हते. नळावर कावळा बसला होता, त्याच्याकडे पाहत होते.”

“कावळा नव्हता, दादा.”

“नसेना का. त्यांना कुठे दिसतोय? फोटोबाहेरच आहे ना तो. मास्तर, चांगली शाळा आहे, हातची घालवू नका. एक ओळ लिहायची आहे फक्त. त्यात तुमचं काय जातंय?”

मास्तरांनी पेन उघडलं. यादीतून नाव गेलं तर टेकडीवरची शाळा पुन्हा मिळणार नव्हती, नववी ब पुन्हा दिसणार नव्हती. कावळा लिहिला तर एखाद्या दिवशी कुणाला ताप येईल आणि आपण पुन्हा त्या वर्गात जाऊ, हे त्यांना दिसत होतं. त्यांना तिथे पुन्हा जायचं होतं, फार जायचं होतं. त्यांनी ‘विद्यार्थी’ हा शब्द लिहिला आणि फोटोकडे बघितलं. बराच वेळ ते बघत राहिले.

“अडलं कुठे?” दादांनी विचारलं. “कावळा.”

मास्तरांनी तो कागद बाजूला सारला, नवा घेतला आणि न थांबता लिहून टाकलं. खाली सही केली, तीही सुवाच्य. दादांनी चष्मा लावून कागद जवळ ओढला.

‘आपले पत्र मिळाले. विद्यार्थी माझ्याकडेच पाहत होते.’