अंधारातल्या प्रयोगाचा फोटो

नाशिकला द्वारका चौकापलीकडच्या एका महाविद्यालयात नियम असा आहे की, ज्या कामाचा जिओटॅग फोटो, म्हणजे जीपीएसने ठिकाण छापलेला फोटो, नाही ते काम झालेलेच नाही. परवा तिथे एक प्रयोग होता. प्रयोगाला अंधार हवा होता आणि नियमाला अंधार मान्य नव्हता.

पीएचडी करणारी वेदिका पेशींवर दम्याचे औषध टाकून पाहणार होती. औषध लागताच पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक, म्हणजे ते औषध पकडणारे रेणू, आत कसे सरकतात हे तिला सूक्ष्मदर्शकातून टिपायचे होते. त्यासाठी तिने ग्राहकांना चमकणारा हिरवा रंग जोडला होता. जास्त उजेड लागला की तो कायमचा विझतो. पेशी वाढवलेली ही शेवटची काचेची तबकडी, आणि प्रबंधाची मुदत शुक्रवारपर्यंत.

"फोटोत चेहरे येत नाहीयेत," शेखर सर म्हणाले. ते वाणिज्य शिकवतात आणि दस्तऐवजीकरण समितीचे समन्वयक आहेत. स्नेहसंमेलनाचे हॅलोजन आणले गेले. चेहरे आले, पण आतल्या खोलीत जीपीएस लागेना. तेव्हा प्राचार्य खंडेराव पगार यांनी तबकडी बाहेर उन्हात नेण्याचे आदेश दिले.

"सर, रंग उडेल. मग काहीच दिसणार नाही," वेदिका काकुळतीला आली.

"अगं, फोटो नसेल तर तुझी पाच वर्षंच दिसणार नाहीत!" प्राचार्य म्हणाले.

पहिल्या फोटोत प्राचार्यांचे डोळे मिटले, दुसऱ्यात बॅनर उलटा आला. तिसरा मंजूर झाला. मग तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली गेली, वेदिकाने औषधाचा थेंब सोडला. पडदा काळाकुट्ट.

"गेले का आत?" प्राचार्यांनी विचारले.

"सर, रंगच उडालाय."

"बाहेर एक तरी दिसतोय का?"

"नाही."

"म्हणजे सगळे आत गेले. शंभर टक्के! लय भारी औषध हाय."

"पण आतही दिसत नाहीयेत, सर."

"आत अंधार असणारच ना."

अहवालात शंभर टक्के यशाची नोंद झाली. आता खरे लिहावे तर फोटोसकट अहवाल खोटा ठरतो, म्हणून समितीने तेच काळे चित्र प्रबंधात घालण्याची शिफारस केली. शुक्रवारी वेदिकाने प्रबंधावर सही केली. मला तिचा राग येत नाही.

फोटो प्रयोगाच्या संध्याकाळीच व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. वेदिका तेवढी मागे, खाली मान घालून तबकडीवर ओढणीची सावली धरून उभी आहे. खाली अंगठ्यांची रांग लागली. तुम्हीही अंगठा दिलात आणि वर विचारलंत, "ती मागची मुलगी कॅमेऱ्याकडे का बघत नाहीये?"