जीपमधून मुलगा बघायला

दिगंबर राजवाडे यांनी गाडी बायकोला विचारून घेतली, असं ते सर्वांना सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. विचारलं त्यांनी नक्की होतं, फक्त उत्तर ऐकायला ते थांबले नव्हते. सुनीतीबाई "अहो, पण दारं..." एवढंच म्हणाल्या होत्या, तोवर साहेब मल्लिक बाजारच्या जुन्या गाड्यांच्या दलालाबरोबर जाऊन व्यवहार पक्का करूनही आले.

दारांचा प्रश्न रास्त होता. गाडीला दारं नव्हतीच. ती लष्कराने मोडीत काढलेली हिरवी जीप होती आणि लष्कराने ती का मोडीत काढली असावी, हे विचारण्याचा कोतेपणा दिगंबररावांनी केला नव्हता. कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत त्यांच्या शेजारी राहणाऱ्या श्यामसुंदर भागवतांना, वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर, नुकतीच नवी कोरी मोटार मिळाली होती. दिगंबररावांनी त्या दिवशी नंबर लावला असता तर त्यांची मोटार साधारण निरोपसमारंभाला वेळेवर पोहोचली असती.

"साध्या मोटारीत काय, कुणीही बसतं," ते म्हणाले.

जीपमध्ये कुणीही बसू शकत नसे, हे खरंच होतं. एक पाय लोखंडी पायरीवर, दुसरा हवेत, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात जे सापडेल ते, अशी कसरत सुनीतीबाईंना चाळिशी ओलांडल्यावर शिकावी लागली. ताडपत्रीचं छत वरून येणारं पाणी बऱ्यापैकी अडवी. पण कलकत्त्यात पाणी चारी बाजूंनी येतं, आणि बराच वेळ खालून येतं. मिलिटरीच्या लोकांनी आजवर कधी तक्रार केली नाही, असं दिगंबररावांनी निदर्शनास आणलं.

"ते साडी नेसत नसतील," सुनीतीबाई म्हणाल्या.

दिगंबररावांना मात्र जीपने सुखाचे दिवस दाखवले. रेल्वेच्या कचेरीत वीस वर्षं फायलींवर सह्या करून जो मान मिळाला नव्हता, तो रस्त्यावर आपोआप मिळू लागला. बाजारात लोक बाजूला सरत. पानवाला पैसे घ्यायला कां-कूं करी. चौकातल्या एका हवालदाराने तर एक दिवस खाडकन सलाम ठोकला आणि पुढे रोज ठोकू लागला. गाडीचा एक रुबाब असतो, हे दिगंबररावांनी त्यातून ताडलं, आणि रुबाबात उणं राहू नये म्हणून खाकी बुशशर्ट शिवून घेतले. वर काळा गॉगल घेतला.

आता ते एकाहत्तर साल होतं, नक्षलवाद्यांच्या धरपकडीचं. त्या वर्षी कलकत्त्याच्या गल्लीत हिरवी जीप शिरली की लोक तिचा एकच अर्थ काढत, तो म्हणजे पोलीस कुणाला तरी उचलायला आले आहेत. मग तरुण पोरांनी आधी पळायचं आणि आपण काही केलं नाही हे मागाहून आठवायचं, अशी पद्धत होती. हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. दिगंबररावांनाही ठाऊक होतं. फक्त त्याचा आपल्याशी काही संबंध असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्याच सुमाराला सुनीतीबाईंची धाकटी बहीण वृंदा नागपूरहून आली. ती एम.ए. झालेली होती आणि घरच्यांच्या मते लग्नाचं वय मागे टाकून पुढे निघाली होती. तिला बघायला आलेल्या मुलांना ती असे प्रश्न विचारी की थोड्या वेळाने मुलगाच उठून चहा करायला जाईल की काय, अशी भीती वाटे. सुनीतीबाईंनी तिच्यासाठी भवानीपूरचं एक स्थळ शोधलं होतं. करमरकर कुटुंब दोन पिढ्या कलकत्त्यातलं, मुलगा माधव कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. त्याच्या आईचे, मंदाकिनीबाईंचे, गुडघे धरलेले होते, म्हणून मुलीकडच्यांनीच तिकडे यावं असं ठरलं. सुनीतीबाईंनी टॅक्सीने जाऊ म्हणून परोपरीने सांगितलं. पहिल्या भेटीत छाप पडली पाहिजे, असं दिगंबररावांचं मत पडलं.

छाप पडली. जीप गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा गल्ली माणसांनी भरलेली होती, आणि मध्यावर पोहोचली तेव्हा रिकामी. दुकानांच्या फळ्या खाली आल्या. खिडक्या लागल्या. एका ओट्यावर कॅरमचा बोर्ड होता आणि त्यावर सोंगट्या अजून सरकत होत्या, पण खेळणारं कुणी नव्हतं. उरला होता तो एक म्हातारा, ज्याला उठायला वेळ लागत होता. दिगंबररावांनी जीप नेमकी त्याच्यासमोर उभी केली आणि गॉगल न काढता विचारलं, "माधव करमरकर किधर रहता है?"

म्हाताऱ्याने बंगालीत सांगितलं की या नावाचा मनुष्य या गल्लीत नाही, कधी नव्हता आणि पुढेही असण्याचा संभव नाही.

"घबराने का नहीं," दिगंबरराव समजुतीने म्हणाले. "उसको सिर्फ देखने आया है."

हे ऐकून म्हाताऱ्याला उठणं जमलं.

तो उठल्यावर त्याच्या पाठीमागच्या दारावरची पितळी पाटी दिसली. तिच्यावर माधवचंच नाव होतं. वृंदाने उतरून कडी वाजवली. बऱ्याच वेळाने दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीतून मंदाकिनीबाईंनी हिंदीत सांगितलं की माधव घरी नाही, नागपूरला गेला आहे.

"मी नागपूरहूनच आलेय," वृंदा मराठीत म्हणाली. "तिथे तर आम्हाला ते इथे भेटतील असं सांगितलं होतं."

फटीतला डोळा वृंदावरून सुनीतीबाईंकडे गेला, तिथून जीपकडे आणि दिगंबररावांच्या खाकी शर्टाकडे, आणि मग साखळी निघाली. मंदाकिनीबाई भिंतीला धरूनच खाली बसल्या. त्यांनी सांगितलं की माधव आत्ता इथेच होता, रेशमी झब्बा घालून पाहुण्यांची वाट बघत होता. समोरच्या पोरांनी ओरडून सांगितलं तसा गच्चीवरून गेला. कुठे गेला ते त्यांना माहीत नव्हतं. या गल्लीतली पोरं लपवतात तेव्हा आईलाही सांगत नाहीत.

दिगंबरराव म्हणाले की यात घाबरण्यासारखं काय होतं ते त्यांना समजत नाही.

समोरच्या माडीवर एक निवृत्त वकील राहत. त्यांनी सारा प्रकार खिडकीच्या फटीतून पाहिला होता आणि कायद्याचा माणूस असल्याने त्यावर विचारही केला होता. पोलीस बायका घेऊन येत नाहीत. बायकांनी तर अबोली रंगाच्या साड्या नेसलेल्या. अर्थात हा पोलीस नव्हे, तोतया आहे, आणि माधवला पळवायला आला आहे. त्यांनी जवळच्या ठाण्याला फोन केला.

खरे पोलीस आले तेव्हा दिगंबरराव बंगाली मिठाईतला तिसरा संदेश खात होते. त्यांना ओळख पटवायला सांगण्यात आलं. रेल्वेचं ओळखपत्र दुसऱ्या शर्टात, म्हणजे माणसासारख्या शर्टात, घरी राहिलं होतं. जीपचे कागद नाव बदलण्यासाठी दलालाकडे होते. आणि आलेल्या शिपायांत, नशीब म्हणतात ते असं, नुकताच बदलून आलेला तो चौकातला हवालदार होता. या इसमाने महिनाभर माझे सलाम घेतले आहेत, अशी साक्ष त्याने जागच्या जागी दिली.

दिगंबररावांना त्यांच्याच जीपमध्ये मागे बसवून नेलं. सुनीतीबाई आणि वृंदा रिक्षाने गेल्या. वाटेत सुनीतीबाई एकदाच बोलल्या. या रिक्षालाही दारं नाहीत, असं म्हणाल्या. जीप ठाण्याच्या फाटकापर्यंत गेली आणि बरोबर फाटकात बंद पडली, त्यामुळे ठाण्यातल्या दुसऱ्या गाड्या आत अडकल्या आणि ठाण्याचे प्रमुख दारोगाबाबू यांचा मूळचाच बेताचा मूड गेला. मी रेल्वेचा अधिकारी आहे, असं दिगंबररावांनी तीन भाषांत सांगितलं. तिन्ही भाषांत ते सारखंच खोटं वाटलं. गॉगल जप्त झाला. रात्रभर इथे राहा, सकाळी पाहू, असं दारोगाबाबू म्हणाले, तेव्हा दिगंबररावांच्या चेहऱ्यावरून सगळा रुबाब उतरला आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सुनीतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

एवढ्यात दारात एक तरुण येऊन उभा राहिला. अंगात रेशमी झब्बा होता, पण तो कुठल्या रंगाचा हे सांगणं कठीण होतं, कारण झब्बा आणि तरुण दोघेही कोळशाने माखलेले होते. रस्त्याच्या पलीकडे गल्लीतली पोरं घोळक्याने उभी होती. तरुण पुढे आला. तो म्हणाला, हे ज्याला शोधत होते तो माधव करमरकर मीच, यांना सोडा.

दारोगाबाबूंनी विचारलं, हा माणूस तुमचा कोण?

माधवने दिगंबररावांकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच पाहत होता. ओळखत नाही म्हणावं तर गृहस्थ आत जाणार. मग त्याची नजर बाकावर बसलेल्या वृंदाकडे गेली आणि तिथे जरा थांबली.

"भायराभाई," तो म्हणाला. बंगालीत साडूला असं म्हणतात.

"आणि तुमची बायको?"

"ह्या." त्याने वृंदाकडे बोट केलं. "म्हणजे अजून नाही. त्यांचं मत अजून कळलं नाही."

दारोगाबाबूंनी पेन खाली ठेवलं आणि वृंदाकडे वळून हिंदीत विचारलं, हे खरं आहे का? वृंदाने आजवर जी मुलं नाकारली होती, त्यांना नाकारताना तिला कुणाच्याही सुटकेचा विचार करावा लागला नव्हता. तिने सावकाश माधवला विचारलं, "पळालात का?"

"सगळे पळत होते."

"मग आलात का?"

"कोळशाच्या वखारीत बसलो होतो. पोरांनी सांगितलं, ते पोलीस नव्हतेच, ते तुला बघायला आले होते, आणि त्यांनाच पोलिसांनी धरलं. मग बसवेना."

वृंदाने तो माखलेला झब्बा वरपासून खालपर्यंत पाहिला. दिगंबरराव घामाने निथळत होते. मग ती दारोगाबाबूंना म्हणाली, "ठीक कह रहे हैं."

जबाब लिहून होईपर्यंत दिगंबररावांना आत थांबवलं, पण फाटकातली ती वस्तू आधी हलवा, असा हुकूम सुटला. वृंदा न विचारता स्टिअरिंगशी जाऊन बसली. काकांच्या संत्र्याच्या बागेत ती ट्रॅक्टर चालवी, आणि हे स्थळांना सांगायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. शिपायांनी मागून जोर लावला. जीप हलेना. माधवने रस्त्यापलीकडे हात केला. पोरं घुटमळली, त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि ती आली. त्या वर्षी कलकत्त्यात पोलीस आणि गल्लीतली पोरं एकाच बाजूने जोर लावत आहेत, असं दृश्य दुसरीकडे कुठे दिसलं असेल असं वाटत नाही. जीप चार हात सरकली, वृंदाने क्लच सोडला, आणि मागच्या नळकांड्यातून असा काही बार उडाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

बॉम्बच तो. शिपाई ठाण्यात पळाले, पोरं गल्लीत पळाली. आत दारोगाबाबू टेबलाखाली गेले, तर दिगंबरराव तिथे आधीच होते.

धूर निवळला. इंजिन सुरू होतं. वृंदाने मागे वळून पाहिलं. जीपच्या मागच्या फळीला धरून माधव एकटाच उभा होता.

"तुम्ही नाही पळालात?" ती म्हणाली.

"पळणार होतो," माधव म्हणाला. "झब्बा अडकलाय."

नागपूर सोडल्यापासून वृंदा प्रथमच मोकळेपणी हसली.

"मग तसेच आत चढा," ती म्हणाली. "ही पुन्हा बंद पडली तर ढकलायला इथे कुणी उरलेलं नाही."