तीन मीटरचा चिंचोका

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या, अनुदानित आणि स्वतःविषयी फार चांगलं मत असलेल्या शाळेत चौथी ‘ब’च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचं ठरलं. विज्ञान त्या शाळेत पूर्वीही शिकवलं जात होतं, पण पुस्तकातून, म्हणजे कोणाला इजा न होता. या खेपेला वर्गशिक्षिका चैताली ओव्हाळ यांनी ते प्रत्यक्ष करून दाखवायचं मनावर घेतलं, आणि पुढचं सगळं त्यातून उद्भवलं.

बेत साधा होता. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड रबरबँडने बांधायची, तिच्यावर प्लास्टिकचा चमचा तिरका अडकवायचा, चमच्यात चिंचोका ठेवायचा आणि चमचा मागे ओढून सोडून द्यायचा. चिंचोका किती लांब गेला ते टेपने मोजायचं. मग चवडीत एक काडी वाढवून पुन्हा मोजायचं.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” चैताली मुलांना म्हणाली, “बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. तरच कळतं, कशामुळे काय झालं.” मुलांनी हे वाक्य तीनदा म्हणून पाठ केलं. समजलेली गोष्टही पाठ करायची, अशी त्या शाळेची शिस्त होती.

चैतालीची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं त्या महिनाअखेर संपत होती. कायम व्हायचं तर तपासणी अधिकाऱ्यांच्या शेऱ्यात ‘समाधानकारक’ हा शब्द यायला हवा होता. लोणी काळभोरला तिची आई चंद्रभागा रोज फोनवर भाजी काय केली हे विचारायच्या आधी “शेरा आला का गं?” असं विचारत होती. त्यामुळे शनिवारी अधिकारी हाच प्रयोग बघायला येणार हे कळल्यावर चैतालीला आनंद झाला. तो गुरुवारपर्यंत टिकला.

गुरुवारी तिला मुख्याध्यापिका सरोजिनी दातार यांनी बोलावलं. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे.

“ओव्हाळबाई, प्रयोगाचा अहवाल आज पाठवायचाय. निष्कर्ष सांगा.”

“बाई, प्रयोग शनिवारी आहे.”

“म्हणूनच आज पाठवायचाय. शनिवारी कार्यालय बंद असतं.”

“पण मुलांनी करून बघितल्याशिवाय कसं कळणार?”

“मुलांना कळेल तेव्हा कळेल. कार्यालयाला आधी कळायला हवं.”

चैतालीने अंदाज केला. काड्या वाढतील तसा चिंचोका लांब जाईल, आठ काड्यांना साधारण तीन मीटर जाईल, असं ती म्हणाली. मोठ्या बाईंनी ‘साधारण’ हा शब्द ढिसाळ वाटून खोडला आणि लिहिलं: ‘आठ काष्ठपट्टिकांच्या साहाय्याने सर्व विद्यार्थी चिंचोका तीन मीटर अंतरावर प्रक्षेपित करतात.’ संध्याकाळपर्यंत कार्यालयातून उत्तरही आलं. शंभर टक्के निष्पत्तीचा हा उपक्रम आदर्श ठरला असून त्याच्या प्रती इतर शाळांना रवाना झाल्याचं त्यात कळवलं होतं.

शुक्रवारी मुलांनी पहिल्यांदा चिंचोके उडवले.

पाच काड्यांपर्यंत सगळं अंदाजाप्रमाणे चाललं. पुढे बिनसलं. आठ काड्यांना एकाही मुलाचा चिंचोका हातभरापलीकडे जाईना. बाकीची मुलं चमच्यावर चिडली, पण पुढचे दोन दात पडलेली स्पृहा नावाची मुलगी जमिनीला गाल टेकवून कितीतरी वेळ चवडीकडे बघत राहिली.

“बाई,” ती म्हणाली, “जास्त काड्या घातल्या की चमचा उभाच राहतो. मग चिंचोका पुढे जातच नाही. खाली नाकासमोर आपटतो.”

चैतालीचा ऊर भरून आला. हे तिने शिकवलं नव्हतं, तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, आणि याचसाठी तर हा सगळा खटाटोप होता. त्या भरात ती धावत मोठ्या बाईंकडे गेली. नवी माणसं असं करतात.

मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे चिंचोका चुकतोय.”

“नाही बाई, चिंचोका बरोबर आहे. आपला अहवाल चुकलाय.”

“अहवालाला जावक क्रमांक आहे, ओव्हाळबाई. चिंचोक्याला आहे का?”

काड्या पाचच ठेवाव्यात असं चैतालीने सुचवलं, तर अहवालात आठ होत्या. चमचा बदलावा म्हटलं, तर खरेदी समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती. तेवढ्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयटीतले अनिरुद्ध नावाचे एक वडील प्रकटले: ‘मॅम, प्रोजेक्टाइलचं रिस्क असेसमेंट झालंय का? उद्या कुणाच्या डोळ्याला लागलं तर अकाउंटेबल कोण?’ लगोलग एका आईने चिंचोका नाकात गेला तर काय, हा मुद्दा मांडला. त्यांच्या मुलाने तो यापूर्वी एकदा घातला होता.

मोठ्या बाई पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या. उघडले तेव्हा तोडगा तयार होता.

“चिंचोका उडवायचाच नाही,” त्या म्हणाल्या. “तीन मीटरच्या रेघेवर आधीच चिकटवून ठेवायचा. मुलांनी रिकामा चमचा सोडायचा. डोळ्याला लागणार नाही, नाकात जाणार नाही, आणि तीन मीटरला धक्का लागणार नाही.”

चैताली या तोडग्यात खोट शोधू लागली. सुरक्षितता, शिस्त, निष्पत्ती, सगळं त्यात बसत होतं. तो प्रयोग नव्हता एवढीच काय ती अडचण, आणि ती अडचण फक्त तिची होती. तिला आईचा रोजचा प्रश्न आठवला. “बरं,” ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर शिपाई नागोरावमामा डिंकाची बाटली घेऊन रेघेवर उकिडवे बसले.

“बाई, ह्यो सरळ लावू का उडून आल्यावानी तिरपा?”

“तिरपा लावा,” चैताली म्हणाली.

शनिवारी तपासणी अधिकारी श्रीधर मोघे आले. गुलाबपुष्प झालं, पोहे झाले. मग मुलांनी एका ओळीत बसून रिकामे चमचे मागे ओढले आणि सोडले. टक् असा आवाज झाला. मुलांनी रेघेकडे बघितलं. मोघेसाहेबांनीही मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली आणि जिथे चिंचोके पडायला हवे होते तिथे बरोबर आणून थांबवली. चिंचोके तिथेच होते. त्यांनी स्वतः वाकून टेप लावली.

“तीन मीटर,” ते म्हणाले. “सगळ्यांचे. एकही मागेपुढे नाही. बाई, एवढी अचूकता मी बड्या बड्या शाळांत पाहिलेली नाही.” त्यांनी जवळच बसलेल्या स्पृहाला विचारलं, “बाळ, काय शिकलीस यातून?”



स्पृहा उभी राहिली. हाताची घडी घालून म्हणाली, “सर, एका वेळी एकच गोष्ट तशीच ठेवायची. बाकी सगळं बदलायचं.”

“वा. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले,” साहेब चैतालीला म्हणाले, “पण आशय पोचलाय.” आणि त्यांनी ‘अत्यंत समाधानकारक’ असा शेरा लिहिला.

त्या दिवशी आईने भाजीचं विचारलंच नाही.

सोमवारी चैताली पिशवीभर चिंचोके घेऊन वर्गात आली. तिने दार लावून घेतलं. “आज खरं करायचं,” ती म्हणाली. “कोणी बघायला येणार नाही. अहवालही नाही. जेवढं येईल तेवढं मोजायचं.”

कोणी चमच्याला हात लावेना. शेवटी स्पृहाने एक चिंचोका उचलला.

“बाई, किती यायला हवंय?”

“येईल तेवढं.”

“हो, पण बरोबर किती?”

“स्पृहा, शुक्रवारी तूच नाही का शोधून काढलंस, चमचा उभा राहतो म्हणून?”

“ते चुकलं होतं ना, बाई,” स्पृहा तिची समजूत घालत म्हणाली. मग ती उठली, चालत रेघेपर्यंत गेली, चिंचोका रेघेवर नीट तिरपा ठेवला, जागेवर परत आली आणि तिने रिकामा चमचा ओढून सोडला. टक्.

“आलं, बाई. तीन मीटर.”

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. चैतालीने फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायला घेतली. ती बराच वेळ लिहीत होती.

वाचकहो, चौथीच्या पोरांना आणि त्यांच्या बाईंना आपण हसलात, हरकत नाही. फक्त एक आठवून बघा. अकरावी-बारावीला आपणही प्रयोगशाळेत लंबक टांगून गुरुत्वाचं मूल्य काढलं होतं. पंखा चालू होता, दोऱ्याला गाठी होत्या, स्टॉपवॉच तिघांत एक होतं आणि तेही मध्येच अडकायचं. उत्तर नऊ पूर्णांक आठच आलं होतं ना? आपल्या शेजारी बसणाऱ्याचंही तेवढंच आलं होतं. सरांनी दोघांनाही न बघता सही दिली होती.