वना नानांच्या अपेंडिक्सची फाईल

प्रेमराजभाऊ बोरसे स्वतःची ओळख करून देताना खुर्चीतून उभे राहत. बसल्या बसल्या एवढी मोठी ओळख मावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तापीच्या दोन्ही काठांवरचा एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर. गरुडाची नजर, पोलादी तर्कशक्ती, आणि माणूस चपला कशा काढतो एवढ्यावरून त्याचं चारित्र्य सांगण्याची सिद्धी. जळगाव-धुळ्यात मोठे दरोडेखोर का निपजत नाहीत, असं कुणी विचारलंच तर ते नम्रपणे जमिनीकडे बघत. कुणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

त्यांची पत्नी दिपमाला ही ओळख लग्नापासून ऐकत आली होती. ती चालू असताना तिची दोन-तीन कामं उरकत. जळगावात तिचं ऑनलाइन सेंटर होतं: पासपोर्ट, व्हिसा, प्रवासविम्याचे क्लेम. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागातून भाडं निघे. मागच्या अर्ध्या भागात पडद्याआड गुन्हेगारीचा नायनाट चाले.

त्या सकाळी धरणगावचे वना नाना पाटील आपल्या मुलाला, भूषणला, घेऊन आले ते पुढच्या भागात. नाना दुबईला लेकीकडे, रत्नाकडे, गेले होते. तिथे त्यांचं अपेंडिक्स बिघडलं. ऑपरेशन झालं, आणि दवाखान्याचं सगळं बिल जावईबापूंनी आपल्या कार्डाने भरून टाकलं, तेही न विचारता. नाना म्हणजे लेकीच्या घरी घोटभर पाणी प्यायले तरी नातवाच्या मुठीत नोट कोंबून निघणारा माणूस. अपेंडिक्स पोटातून निघालं, पण जावयाचे उपकार बरोबर त्याच जागी जाऊन बसले. तेव्हापासून भाकरी गोड लागत नव्हती. क्लेम मंजूर व्हावा, पैसे जावयाच्या तोंडावर, म्हणजे अर्थात मानाने, परत करावेत, आणि मग सुखाने ढेकर द्यावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

दिपमालाने नानांची पिशवी टेबलावर उपडी केली आणि तारखेप्रमाणे कागद लावायला घेतले. शिक्के मारलेली पासपोर्टची पानं, विमानाची तिकिटं, रक्त-लघवीचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या. नानांनी काहीच टाकलं नव्हतं. पार्किंगची चिठ्ठी होती, उसाच्या रसासारख्या दिसणाऱ्या कसल्यातरी रसाचं बिल होतं, उंटावर बसल्याची पावती होती. उंटाचे पैसे कंपनी देत नाही, हे तिने त्यांना हळुवारपणे सांगितलं.

नव्हती ती फक्त दवाखान्याची निळी फाईल. डिस्चार्ज कार्ड आणि मूळ बिल तिच्यातच होतं. कंपनीला झेरॉक्स चालत नव्हती, आणि मुदत अशी की आज संध्याकाळचं कुरिअर चुकलं तर क्लेम बुडाला. दुबईहून दुसरी प्रत मागवता आली असती, पण त्यासाठी पुन्हा जावयालाच सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा दुसरं अपेंडिक्स उगवलेलं बरं, असं नाना म्हणाले.

"कपाटात ठेवली होती," नाना म्हणाले. "आता नाही."

"चोरी," पडद्यामागून आवाज आला.

मग प्रेमराजभाऊ उभे राहिले, ओळख झाली, आणि सगळे भूषणच्या गाडीतून धरणगावच्या रस्त्याला लागले. दिपमालाने पंचिंग मशीन आणि कंपनीचं पाकीट बरोबर घेतलं, कारण फाईल मिळालीच तर पुढचं काम तिलाच करायचं होतं.

पहिला तर्क जळगाव सुटायच्या आत झाला. फाईल नाहीशी झाल्याने फायदा विमा कंपनीचा, तेव्हा विमा विकणाऱ्यावर संशय. विमा कुणी काढून दिला, असं प्रेमराजभाऊंनी करड्या आवाजात विचारलं.

"मी," दिपमाला म्हणाली.

बराच रस्ता ते तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. मग घरी जेवायचं आहे हे आठवून त्यांनी तो तर्क मागे घेतला.

दुसरा संशयित नानांचा शेजारी चिंधाभाऊ. नाना विमानात बसले आणि हा बसला नाही, तेव्हा हेतू उघड होता. प्रेमराजभाऊंनी त्याच्या ओट्यावरच्या चपला वाकून तपासल्या. डावी चप्पल उजवीवर चढलेली होती. हे मत्सराचं लक्षण. चिंधाभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आत गेले आणि स्वतःच्या हर्नियाची फाईल घेऊन आले. ती जाडीला नानांच्या फाईलपेक्षा दुप्पट होती आणि तिच्यात एक्स-रे पण होते. अशा माणसाला दुसऱ्याची फाईल चोरायची गरज नव्हती, हे गुप्तहेरालाही मान्य करावं लागलं.

तिसरा तर्क धाडसी होता. नानांना काही झालंच नव्हतं. अपेंडिक्स हा बनाव होता. नानांनी सदरा वर केला. टाके बघून प्रेमराजभाऊंनी वहीत काहीतरी खोडलं.

तोवर उन्हं चांगलीच चढली होती आणि नानांचा चेहरा उतरला होता. कपाळाला हात लावून ते ओट्यावर बसले. दिपमाला पाणी मागायला स्वयंपाकघरात गेली. नानांची बायको धुरपदाबाई तिथे ठेचा कुटत होती. बाहेर एवढा कसला गोंधळ, असं तिने विचारलं. दिपमालाने सांगितलं, दवाखान्याची निळी फाईल सापडत नाही.

"निळी फाईल?" धुरपदाबाई म्हणाली. "ती ते मी धुयाले धाडी दिधी."

दिपमालाने तांब्या खाली ठेवला. धुळ्याला, पण कुणाकडे?

"भूषणले पोर दखेल शे ना, तठे. लोके म्हनतस नानाले दुबईमा अटॅक उना. पोरना बापनी इचारं. मी म्हनं, ल्या, वाची ल्या. आतडं शे, दिल नही."

सगळं तिथेच उलगडलं. धुळ्याच्या देवऱ्यांची हेमांगी भूषणसाठी पाहिली होती. सासऱ्याचं हृदय कच्चं आहे अशी आवई उठली आणि सोयरीक अडकली. पुरावा दाखवू या, असं धुरपदाबाईने सुचवलं, तर नाना उखडले होते: मी काय बाजारातला बैल आहे, दात दाखवायला? म्हणून तिने गुपचूप भूषणच्या हातून फाईल पाठवली. झेरॉक्स का नाही पाठवली, तर सोयरीक करायची आणि झेरॉक्स पाठवायची, हे बरं दिसत नाही. मग सकाळपासून बोलली का नाही?

"माले कोन इचारं?"

भूषणलाही कुणी विचारलं नव्हतं. आईने शपथ घातली होती, आणि शिवाय काकांचे तर्क चालू असताना मध्ये बोलणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. सकाळपासून त्याने ते सगळे तर्क फार आवडीने ऐकले होते.

धुळ्याच्या वाटेवर नाना बायकोशी बोलत नव्हते आणि धुरपदाबाईला त्याचा काही त्रास होत नव्हता. पारोळा मागे पडलं. हे उत्तर फार सोपं आहे, म्हणूनच संशयास्पद आहे, असं प्रेमराजभाऊंनी जाहीर केलं. परदेशी कागद, परजिल्ह्यातलं घर, मध्ये एक तरुण मुलगी. लग्नाचं स्थळ हा नुसता मुखवटा होता. देवऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि टेहळणी करतो म्हणून एकटेच उतरले.

देवऱ्यांच्या समोर जब्बारभाईंचं शिलाईचं दुकान होतं. प्रेमराजभाऊंनी काउंटरवर कोपर टेकवून दबक्या आवाजात विचारलं, त्या घरात कोण येतं-जातं, मुलगी घरी किती वाजता परतते, बापाचे धंदे काय. जब्बारभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. लग्न ठरायच्या आधी असली माणसं येतात, हे त्यांना आयुष्यभराच्या शिलाईतून ठाऊक होतं.

"लडकी सोन्यासारखी आहे साहेब," ते म्हणाले. "बाप जरा गरम डोक्याचा. पण मनाचा साफ."

आणि साहेब वळताच त्यांनी शेजारधर्माला जागून बायकोला, जमीलाला, मागच्या दाराने देवऱ्यांकडे पाठवलं: मुलाकडच्यांनी डिटेक्टिव्ह लावला आहे.

गाडी दारात पोचली तेव्हा अख्खी गल्ली ओट्यावर आली होती. उंबऱ्यात मुलीचे वडील झुलाल आप्पा देवरे निळी फाईल छातीशी धरून उभे होते.

"तुमचं पोट कुठे फाडलं, किती फाडलं, बठ्ठं वाचलं आम्ही," ते म्हणाले. "तरी एका शब्दाने बोललो नाही. आणि तुम्ही आमच्या पोरीमागे हेर लावता?"

हेर फाईलसाठी आहे, मुलीसाठी नाही, असं नानांनी परोपरीने सांगितलं. आप्पांना ते पटलंही. पण गल्लीला कोण पटवणार? डिटेक्टिव्ह येऊन गेला आणि स्थळ मोडलं, म्हणजे चौकशीत काहीतरी निघालं, असंच लोक धरून चालणार.

"तेव्हा फाईल हवी असेल तर आधी सुपारी फुटेल."

"कुरिअर सहाला बंद होतं हो," नाना काकुळतीला आले.

"मग लवकर बसा."

दोन्ही म्हातारे हट्टाला पेटलेले, मध्ये फाईल. इतक्यात चहाचा ट्रे घेऊन हेमांगी बाहेर आली. तिने ट्रे दिपमालाच्या हातात दिला, बापाच्या कुशीतून फाईल काढली आणि नानांसमोर धरली.

"घ्या नाना. बाबा, मी लग्न भूषणशी करणार आहे, अपेंडिक्सशी नाही. आमचं केव्हाच ठरलंय. सुपारी फोडायची तर तेवढ्यासाठी फोडा."

भूषण चपलांकडे बघत होता. त्याच्या चपलांवरून प्रेमराजभाऊंना आजवर काहीच कळलं नव्हतं.

मग सुपारी फुटली. एकाच सतरंजीवर एका टोकाला पान-सुपारी आणि दुसऱ्या टोकाला दिपमाला, भोकं पाडत आणि पानं लावत: डिस्चार्ज कार्ड, बिल, पावती, जावयाच्या कार्डाचा पुरावा. घाईत डिस्चार्ज कार्डावर कुंकवाचा ठिपका पडला. विमा कंपनीने पुढे त्याबद्दल काही विचारलं नाही. कुरिअरवाला शटर ओढत असताना पाकीट आत गेलं. परतीच्या वाटेवर प्रेमराजभाऊंनी सांगितलं की टेहळणीमागे त्यांचा मूळ हेतू सोयरीक जुळवण्याचाच होता. धुरपदाबाईने तेवढ्यासाठी त्यांना घरी नेऊन जेवू घातलं.

क्लेम मंजूर झाला. नाना इस्त्रीचे कपडे घालून सेंटरवर आले, दिपमालाकडून जावयाला पैसे पाठवून घेतले आणि शेजारी मोबाईल ठेवून बसले. आता जावईबापूंचा फोन येणार, राहू द्या नाना म्हणणार. मग आपण काय म्हणायचं, ते त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. दिपमालालाही ते दोनदा ऐकवून झालं होतं.

मोबाईल वाजला. निरोप आला होता. दिपमालाने वाचून दाखवला: मिळाले, नाना. धन्यवाद. शेवटी वर केलेला अंगठा होता.

नानांनी मोबाईल हातात घेऊन तो अंगठा जवळून पाहिला.

"घेतले?" ते म्हणाले. "लगेच? माणसाने एकदा तरी नको म्हणावं की नाही?"

पडदा सरकला. प्रेमराजभाऊ खुर्ची ओढत बाहेर आले आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाना, ह्यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे."

दिपमालाने पंखा बंद केला आणि ती दुकानाच्या किल्ल्या शोधू लागली.