इनास सरांचं सावकाश औषध

नंदाखाल गावातले आमचे शेजारी इनास सर नव्या माणसाची तब्येत विचारत नाहीत. "घरात उंदीर आहेत?" असं विचारतात. नाहीत म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडतो.

सर रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. दुपारी माडांच्या सावलीत आरामखुर्ची टाकून, डोळे अर्धवट मिटून ते उंदरांच्या औषधावर बोलतात. "उंदीर भारी संशयी हो. एक खाऊन तिथेच मेला, तर बाकीचे शिवणार नाहीत. म्हणून हे औषध सावकाश. दोन-चार दिवस काहीच नाही. मग रक्त गोठायचंच विसरतं." यातलं 'विसरतं' ते असं लांबवतात की ऐकणाऱ्यालाही गुंगी यावी. एका बाप्तिस्म्याच्या जेवणात त्यांनी हे सुरू केलं, तेव्हा फादर ताट घेऊन हळूच दुसऱ्या टेबलावर गेले.

गेल्या वर्षी उंदीर माडावरची शहाळी पोखरू लागले. सरांनी बागेत औषधाच्या वड्या ठेवल्या. त्यातली एक आमच्या कुत्र्याने, मोत्याने, फस्त केली. सांगायला सर स्वतःच धावत आले. पायात चप्पल नव्हती.

"पण हा तर उड्या मारतोय," मी म्हणालो.

"आज मारणारच. तीच तर या औषधाची..." वाक्य अर्धवट सोडून सरांनी मोत्याला उचललं.

मोत्याला स्कूटरवर घेऊन आम्ही आगाशीच्या गुरांच्या डॉक्टरकडे गेलो. उतारा म्हणजे व्हिटॅमिन के. आधी इंजेक्शन, मग काही आठवडे रोज गोळी. गोळी मी देतो म्हटलं, तर सर ऐकेनात. रोज चार वाजता हजर. गोळी भरवायची, मग ओठ वर करून हिरड्या बघायच्या. हात अगदी सराईत.

हिरड्या बघायची ही सवय कुठली, एकदा मी विचारलंच.

"रेजिनाच्या बघायचो ना," सर म्हणाले. रेजिनाबाई त्यांची पत्नी. काही वर्षांपूर्वी गेल्या. "हृदयात झडप बसवली होती तिच्या. रक्त पातळ ठेवायची गोळी, तीही याच औषधाच्या जातीची. जास्त झाली की हिरड्यांतून रक्त. रोज तोंड उघडायला लावायचो. चिडायची. म्हणायची, मी काय तुमचा उंदीर आहे?"

ते हसले. मग मोत्याचे कान कुरवाळत बसले. माडांच्या सावल्या अंगणभर लांबत गेल्या.

मोत्या वाचला. गोळ्या संपल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटक वाजलं.

"सर, गोळ्या कालच संपल्या की."

"माहीत आहे," पायरीवर टेकत सर म्हणाले. "पण चार वाजले ना."

मी आत जाऊन त्यांचाही चहा टाकला.