अप्पांची खोली

मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर, एक आडवा ओरखडा होता. वीतभर लांब, सुरुवातीला खोल आणि पुढे पुसट होत गेलेला. काही वर्षांपूर्वी लोखंडी कपाट आत नेताना तो उमटला होता. अप्पांची खाट या दारातून आत जाईल, याला घरात तेवढाच एक पुरावा होता.

"कपाट गेलं ना? मग खाट जाईल," मुलगा म्हणाला. ओरखड्यावरून अंगठा फिरवून त्याने विषय संपवला.

अप्पा म्हणजे त्याचे वडील. पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानंतर ते दवाखान्यात होते. "आता घरी न्या," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळला होता आणि प्रत्येकाने तो आपल्यापाशीच ठेवला होता. त्याऐवजी सगळे रंगाबद्दल बोलू लागले.

मागच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत असे. भरदुपारीही दिवा लावावा लागे. मुलाने पिवळ्या रंगाच्या चार छटांचे पट्टे भिंतीवर ओढून ठेवले होते.

"दादा, अप्पा उताणे असणार," मुलगी म्हणाली. ती एका प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि वडिलांसाठी रजा काढून आली होती. "त्यांना भिंती दिसणारच नाहीत. छत दिसेल."

"मग छत पिवळं करू."

"पिवळ्या छताखाली माणूसही पिवळा दिसतो. भेटायला येणाऱ्यांना वाटेल, कावीळ झालीय."

"कावीळ नाहीये त्यांना."

"नाहीये ना? मग कशाला एक वाढवायची?"

आईला विचारलं, तेव्हा ती डाळ निवडत होती. "त्यांना रंगातलं काय कळतंय," ती म्हणाली. "मी हिरवं नेसले काय नि निळं नेसले काय, जन्मात कधी मान वर करून पाहिलं नाही."

"आता वर बघण्याशिवाय काही करता येणार नाहीये त्यांना," मुलगी म्हणाली. आई पुन्हा डाळ निवडू लागली.

छत पांढरं झालं. भिंती पिवळ्या झाल्या. ओल आठवड्याभरात रंगातून वर आली.

घरात हॉलही होता. दार रुंद, बाथरूम लागून, खिडकीतून सगळा रस्ता दिसायचा. पण हॉल सुनेचा होता. गेल्या वर्षी तिने तो नव्याने करून घेतला होता. छताखाली दुसरं छत, त्यात लपवलेले दिवे, जमिनीपर्यंत पोचणारे पडदे आणि करड्या रंगाचा भलामोठा सोफा. तो पाहुण्यांसाठी होता. घरची माणसं त्याच्या शेजारून अंग चोरून जात. हॉलचं नाव काढलं तर बायकोचं मन मोडेल, असं मुलाला वाटे. माहेरी आलेल्या बाईने भावजयीच्या घरात नाक खुपसू नये, असं मुलीला वाटे. आईला वाटे, सून आधीच एवढं करते, तिच्याकडे आणखी काय मागायचं. सून काहीच बोलत नव्हती. ती मागच्या खोलीतली ओल फडक्याने पुसत होती.

अप्पांना आणायच्या दिवशी सकाळी भाड्याची खाट आली. दवाखान्यात असते तशी, लोखंडी, डोक्याकडची बाजू वरखाली होणारी. ती आणणाऱ्या माणसाने हॉलमध्ये दाराशीच ठेवून पावती पुढे केली.

"आतल्या खोलीत न्यायचीय," मुलगा म्हणाला.

"आमचं काम दारापर्यंत."

"हे दारच आहे."

"हो ना. म्हणून तर सही मागतोय."

खाट भावाबहिणीनेच उचलली. हॉलमधून निघालेला अरुंद पॅसेज थोडा सरळ जाऊन काटकोनात वळत होता आणि वळणापलीकडे मागची खोली होती. लोखंडी कपाट त्या वळणावर उभं करून फिरवलं होतं. पण तेव्हा पॅसेजवर माळा नव्हता. हॉल सजवताना तिथलं जुनं सामान टाकायला तो बांधून घेतला होता. आता खाट उभी केली की माळ्याला अडत होती. आडवी धरली की भिंतीला अडत होती. शेवटी मुलाने ती कुशीवर तिरकी केली, स्वतः पुढे झाला आणि ओढू लागला. खाट अर्धी वळली, कर्रकन वाजली आणि रुतून बसली.

"ढकल," मुलगा पलीकडून म्हणाला.

"ढकलतेय."

"मग थांब. मागं घे."

"ती मागंही येत नाहीये. दादा, चौकट मोजली होतीस, वळण मोजलं होतंस का?"

आईने पदराला हात पुसत खाटेच्या नळ्यांमधून आत पाहिलं. "अरे, तू आतच राहिलास की."

"तात्पुरता."

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"आई, खाट अडकलीय."

"ते दिसतंय मला. चहा खालून सरकवू का?"

चहा खालून सरकवला. तो पिऊन मुलगा चौकटीचे स्क्रू काढू लागला. चौकटीचा आता काही संबंध उरला नव्हता, पण त्याच्या बाजूला तेवढंच काम होतं. एवढ्यात रुग्णवाहिका आली.

तिच्यातल्या दोघा माणसांनी अप्पांना स्ट्रेचरवरून हॉलमध्ये आणलं आणि पॅसेजच्या तोंडाशी ते थांबले. "कुठं ठेवायचं?"

"पाच मिनिटं," मुलगा आतून ओरडला. "पाचच."

"आमचं स्ट्रेचर परत न्यायचंय, साहेब."

मग अप्पांना सोफ्यावर ठेवलं. सोफा गुळगुळीत होता. अप्पा हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा गतीने, कडेकडे सरकू लागले. मुलीच्या ते लक्षात आलं. तिने काचेचं टेबल सोफ्याला भिडवलं, त्यावरची फुलदाणी खाली ठेवली आणि टेबलाला पाठ लावून बसली. अप्पांचा उजवा डोळा तेवढा हलत होता. तो छतातल्या लपवलेल्या दिव्यांवरून फिरला आणि खिडकीवर जाऊन थांबला.

"माळा तोडू," आतून मुलगा म्हणाला. "सुताराला बोलवा. नाहीतर वळणाची भिंत पाडू. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आणि नंतर?" आईने विचारलं. उद्याच्या भाजीबद्दल विचारावं, तसाच तिचा आवाज होता. "आत नेलं, ते ठीक. बाहेर कसं आणणार होतास त्यांना? त्या वळणावरून?"

स्क्रू काढायचा आवाज थांबला. मुलीने मान खाली घातली. तिने मनातल्या मनात स्ट्रेचरची लांबी मांडून पाहिली होती.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात ओल पुसायचं तेच फडकं. "हॉलचं तुम्ही कुणीच बोलला नाहीत," ती म्हणाली.

"तुला आवडलं नसतं," पलीकडून मुलगा म्हणाला.

"मला विचारलं कुणी?"

"वहिनी, एवढ्या हौसेनं केलास तू हॉल..."

"हौस होती, ताई. झाली. मला वाटत होतं, तुम्हालाच ते समोर नको आहेत. आल्यागेल्याला दिसू नयेत म्हणून मागं ठेवताय. मुलांनी ठरवलंय, तर मी सुनेनं कुठं मधे बोलायचं?"

अप्पा पुन्हा बोटभर सरकले. मुलीने टेबल आणखी घट्ट दाबून धरलं.

सुनेने फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि रुग्णवाहिकेच्या माणसांकडे वळली. "तुम्ही दोघं थांबा जरा. ती खाट मागं ओढायला हात लावा, आणि मग हा सोफा बाहेर काढायला. अप्पा इथं राहतील. हॉलमध्ये, खिडकीपाशी. शेवटपर्यंत."